गाडी या मुलखाची करताना

कारखान्यातून बाहेर पडणारी मोटार साऱ्या देशासाठी बनवलेली असते. तिच्या रचनेत थोडी दिल्लीची थंडी, थोडी चेन्नईची दमट हवा, थोडा कोकणातला पाऊस गृहीत धरलेला असतो आणि या सगळ्यांच्या मधलं एक हवामान, मधला एक रस्ता, मधल्या उंचीचा एक माणूस गाठून तिचं काम पुरं होतं. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे त्या मधल्या हिशेबात कुठेच बसत नाहीत. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळीस ओलांडतो आणि एखाद्या वर्षी 47 च्याही पुढे जातो. घुग्घुस, पद्मापूर, दुर्गापूर या पट्ट्यात कोळशाची भुकटी हवेतच असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचं पाणी चढलं की भामरागड जगापासून तुटतं. आणि रात्री रस्त्यावर कोण उभं असेल, हे कुठल्याच कारखान्याला ठरवता येत नाही. म्हणून एमएच 34 आणि एमएच 33 या पाट्या लागलेल्या गाड्यांचं उरलेलं काम घरी, अंगणात, मिस्त्रीच्या टपरीसमोर करावं लागतं. ते काम मला फार मोलाचं वाटतं. त्यात माणूस आपल्या मुलखाकडे नीट बघायला शिकतो.

आमची गाडी साधी आहे. पांढरी, पेट्रोलची, जुनी हॅचबॅक. तिच्यात बाबा बसतात, मुलं बसतात, आलापल्लीकडच्या सासुरवाडीहून येताना तांदळाचं पोतं बसतं. तिला रुंद टायर, रंगीत दिवे, गुरगुरणारा सायलेन्सर यांतलं काहीही लावलेलं नाही. तरी ती शोरूममधून निघाली तेव्हाची राहिलेली नाही. जे बदललं, ते बाहेरून दिसत नाही.

सुरुवात उन्हापासून झाली. विदर्भातल्या माणसाला उन्हाशी हातानं लढायची सवय असते. होळी झाली की घरोघरी कूलर खाली उतरतो, त्याच्या ताट्या बदलल्या जातात, पंप तपासला जातो, आणि यासाठी कुणी कारागीर बोलावत नाही. तीच बुद्धी गाडीकडे वळवली की बरंच साधतं. बंद गाडी भर उन्हात उभी राहिली की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनीही वर जातं. सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत येतो, काळ्या डॅशबोर्डवर पडतो, तो तापतो, आणि त्यातून निघणारी उष्णता मात्र काच बाहेर सोडत नाही. हे एकदा समजलं की उपायही सुचतात. पुढच्या काचेला आतून चकचकीत पडदा लावला की डॅशबोर्ड तापायच्या आधीच ऊन परत जातं. गाडी सुरू करताना एका बाजूची काच उघडून समोरच्या बाजूचं दार चार-सहा वेळा उघड-बंद केलं की कोंडलेली गरम हवा बाहेर पडते आणि एसीवरचा भार कमी होतो. याला एक पैसाही लागत नाही.

छताचं काम मोठं होतं. दिवा, सनव्हायझर आणि हातधरणी काढून छताचं अस्तर खाली घेतलं तेव्हा कळलं, की आपल्या डोक्यात आणि विदर्भाच्या सूर्यात एक पातळ पत्रा आणि दाबलेल्या पुठ्ठ्यासारखं एक अस्तर एवढंच काय ते आहे. एसीच्या डक्टवर गुंडाळतात तो चंदेरी वर्खाचा फोम बाजारात सुटा मिळतो. पत्रा पुसून, कोरडा करून, त्याचे तुकडे बेतून चिकटवले आणि अस्तर परत चढवलं. त्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदा दुपारी गाडीत बसायला तयार झाले. पावसाळ्यात त्याचा दुसरा गुण कळला. छतावरचा पावसाचा ताशा मऊ झाला आणि मागे बसलेल्यांचं बोलणं पुढे ऐकू येऊ लागलं. नव्या गाड्यांत मात्र छताच्या कडेनं पडदा-एअरबॅग गेलेली असते. तिथे घरच्या हातानं अस्तर उघडू नये. आपल्या गाडीत काय कुठे आहे हे आधी पुस्तिकेत वाचायचं आणि मगच पेचकस हातात घ्यायचा, हा नियम मी मुलांनाही लावला आहे.

काचांवर काळी फिल्म लावायचा मोह इथल्या उन्हात कुणालाही होईल. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, असं कायदा सांगतो, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काचांवर काळी फिल्म चिकटवण्यावर कडक बंदी घातली. जंगलातल्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला या आकड्यांचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. कडेच्या करवंदीच्या जाळीतून रानडुक्कर निघतं ते बाजूच्या काचेतच आधी दिसतं. ती काच काळी असेल तर ते थेट बॉनेटसमोरच दिसेल.

उन्हानंतर धूळ. कमी किमतीच्या कितीतरी गाड्यांत, विशेषतः थोड्या जुन्या, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टरसाठी कप्पा असतो आणि फिल्टर मात्र नसतो. महागड्या मॉडेलला तो मिळतो, स्वस्त मॉडेलचा कप्पा झाकून टाकलेला असतो. ग्लोव्ह बॉक्स काढायला पाच मिनिटं लागतात, झाकण उघडायला आणखी पाच. फिल्टरची किंमत काही शेकड्यांत असते. चंद्रपूर शहराच्या वेशीवर 2,920 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती खाणी आहेत, कोळशाचे ट्रक अहोरात्र धावतात. इथे तो फिल्टर काही महिन्यांनी बाहेर काढून बघावा. पांढरा गेलेला काळा होऊन येतो. तो काळेपणा आपल्या मुलांच्या छातीत गेला असता, एवढा विचार पुरेसा आहे. ओळखीतल्या ज्या ज्या गाडीत मला हा कप्पा रिकामा दिसला, तिथे फिल्टर बसवून दिला. शेजारच्या ताईंच्या मुलाला दमा आहे. त्यांच्या गाडीत तो बसवला त्या दिवसाचं समाधान मला अजून पुरतं.

पूर्वेकडे मूल, सावली, सिंदेवाही हा भाताचा आणि तलावांचा मुलूख. धान घरात आलं की उंदीरही येतात आणि थंडीच्या रात्री त्यांना गरम इंजिनासारखी दुसरी जागा नाही. एका रात्रीत ते वायरी कुरतडतात, हवेच्या नळीतून आत शिरून फिल्टरचं घरटं करतात. वायपरखालच्या जाळीतून हवा आत जाते, तिथे आतून स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी कापून बसवली की ती वाट बंद होते. लोखंडाची जाळी दोन पावसाळ्यांत गंजते, प्लास्टिकची उंदीर खातात. ही गोष्ट एका धान उत्पादकानं सांगितली, गाड्यांच्या दुकानात ती कुणी सांगितली नव्हती.

मग रस्ता. साध्या हॅचबॅकचं पोट जमिनीपासून साधारण 165 ते 170 मिलिमीटर वर असतं. पाच माणसं आणि सामान भरलं की ते आणखी खाली येतं. खनिजाच्या जड ट्रकांनी दाबलेल्या रस्त्यावर चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा सरळ आपल्या गाडीच्या पोटाशी येतो. आमच्याकडे गाडीवाल्याला सगळ्यात मोठी भीती असते ती चेंबर फुटायची. ऑइलचं चेंबर फुटलं, ऑइल वाहून गेलं आणि तरीही गाडी रेटली तर इंजिन जागेवर संपतं, आणि पेरिमिली ते हेमलकसा या वाटेवर ते संपलं तर मदत कुठून आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. चेंबरखाली पोलादी पत्र्याचं गार्ड हा इथला जुना इलाज. वेल्डरकडून करून घेताना त्यात ऑइल सोडायला भोक आणि वारा खेळायला चिरा ठेवायला सांगावं लागतं, नाहीतर इंजिनची उष्णता खालीच कोंडते. स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालून गाडी उचलून घेणारेही पुष्कळ आहेत. आमच्या मिस्त्रीभाऊंनी मला त्यापासून परावृत्त केलं. "गाडी उचलाची कायले? तुमी चाक त्या उंचवट्यावर चालवा, चाकोरीत नका टाकू," असं ते म्हणाले. स्प्रिंग कडक झाली की शॉकअपचं काम बिघडतं, खड्ड्याचा धक्का पाठीच्या मणक्यात येतो आणि वळणावर गाडीचा तोल बदलतो, हे त्यांनी मला गाडी वर घेऊन, टॉर्च मारून दाखवलं.

त्याच माणसानं मला दिव्याचा धडा दिला आणि तो या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता आहे. चंद्रपूरहून मूलकडे जाताना लोहारा, चिचपल्ली, केळझर ही गावं लागतात आणि मध्ये सलग जंगल. रात्री तिथे जुन्या गाडीचा उजेड कमी पडू लागला, म्हणून मला जास्त वॅटचे बल्ब घालायचे होते. भाऊ म्हणाले, "लाइट वाढवाचा नाही जी. होता तो वापस आनाचा."

त्यांनी मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट दिसत होते आणि हेडलाइटच्या होल्डरवर जेमतेम बारा. मधला दीड व्होल्ट जुनी बारीक वायर, झिजलेला स्विच आणि गंजलेलं अर्थिंग यांनी खाल्लेला. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे बल्ब चांगला होता, त्याच्यापर्यंत पोचणारी वाटच खराब होती. उपाय रिलेचा. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर थेट दिव्यापर्यंत न्यायची आणि मध्ये रिले बसवायचा. दांडीवरचा स्विच मग फक्त रिलेला इशारा देतो, जड विजेचा भार त्याच्यावरून जात नाही. साठ वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर दहा अँपिअर ओढतात, तेवढ्याचा हिशेब करून वायर आणि फ्यूज निवडायचा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. बिनफ्यूजची वायर घासून उघडी पडली तर इथल्या उन्हाळ्यात गाडी पेटायला वेळ लागत नाही. वायर कुठे कापायची नाही, जोड उघडा ठेवायचा नाही, हे त्यांनी माझ्याकडून करून घेतलं.

दुसरं काम काचेचं. हल्ली हेडलाइटची काच प्लास्टिकची असते आणि उन्हानं ती पिवळी, धुरकट होते. हजार, दोन हजार, तीन हजार नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून क्रमानं घासायचा, मग पॉलिश, आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा थर. हा थर द्यायचा राहिला तर काही महिन्यांत काच पुन्हा पिवळी पडते. एका सकाळचं काम आणि थोडे हात दुखतात. संध्याकाळी दिवे लावले तेव्हा भिंतीवर डिपरच्या झोताची तिरकी कड पहिल्यांदा स्वच्छ उमटली. एक वॅट वाढला नव्हता. गाडीचा स्वतःचा उजेड तिला परत मिळाला होता.

हॅलोजनच्या परावर्तकात बाजारातला पांढरा एलईडी बल्ब का घालू नये, हेही तेव्हा कळलं. परावर्तक हा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. उजेडाचा उगम थोडा हलला की झोत विस्कटतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. समोरून सायकलवर डब्बा बांधून कामावरून परतणारा माणूस येत असतो, बैलगाडी येत असते. आणि जंगलात समोर चितळ उभं असतं. प्रखर झोतात ते जागीच थिजतं, पळायची दिशा त्याला सुचत नाही. दिवा डिप करायचा, वेग काढून घ्यायचा, आणि एक गेलं तरी थांबायचं, कारण त्याच्यामागे कळप असतो. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला तेव्हापासून तर या सवयीला आणखी अर्थ आला आहे. हत्तीसमोर मोठा हॉर्न आणि मोठा दिवा ही दोन्ही चिथावणीच.

वेगाचं गणित मी एकदा कागदावर मांडलं आणि ते डोक्यातून गेलं नाही. ताशी 60 किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर कापते. दिसणं, समजणं आणि पाय ब्रेकवर पडणं यात दीड सेकंद गेला तर 25 मीटर तिथेच संपले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसेक मीटर. डिपरचा कामाचा उजेड साधारण या एकूण अंतराएवढाच पोचतो. म्हणजे साठच्या वेगात आपण उजेडाच्या अगदी टोकावर धावत असतो. चाळीसवर आलं की हेच अंतर पंचवीस-सव्वीस मीटर होतं आणि समोरच्या जिवाला जागा उरते. कितीही पैसे खर्चून गाडीला लावता येणार नाही असं हे संरक्षण आहे आणि ते उजव्या पायात असतं.

पुढे लोखंडी गार्ड बसवण्याचा रिवाज आमच्याकडे मोठा होता. रानडुकराच्या धडकेनं रेडिएटर फुटलेला ज्यानं पाहिलाय, त्याला तो का हवासा वाटतो हे मी समजू शकतो. पण डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं अशा गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, त्यामागचं कारण खरं आहे. गाडीचं नाक धडकेत चुरगळावं असंच बनवलेलं असतं. ते चुरगळतं म्हणून आतली माणसं वाचतात. लोखंडी गार्ड तो धक्का सरळ चौकटीत पोचवतो, एअरबॅगचा सेन्सर चकवतो, आणि पायी चालणाऱ्याला लागलं तर हाडं मोडतो. नाकापाशी नरमपणा ठेवणं हे इंजिनिअरांनी फार विचारानं ठरवलेलं काम आहे. ते आपण बिघडवू नये.

कायद्याची रेषाही याच्याशी जुळते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कंपनीनं नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. ढाचा, आकार, इंजिन यांना हात लावायचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी हवी. फिल्टर, जाळी, अस्तर, वायर यांना कुणाची हरकत नाही. ही वाटणी मला शहाणी वाटते. गाडीचा सांगाडा सगळ्या रस्त्याच्या मालकीचा असतो, कारण धडक दोघांना बसते. आतली सोय आपली.

हातातल्या कौशल्याचं काय, असा प्रश्न मग उरतोच. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातल्या सुट्या भागांतून एक चारचाकी उभी केली. साठ हजारांच्या आसपास खर्च, आणि मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी. 2021 च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर फिरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी मोकळेपणानं सांगितलं, की ही गाडी नियमांत बसत नसल्यानं रस्त्यावरून कधीतरी हटवली जाईल, पण या कसबाचं कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती लोहारांना मिळाली. मला या घटनेतली दोन्ही माणसं बरोबर वाटतात. नियम राहिला आणि कसबालाही मान मिळाला. असं प्रत्येक कारागिराच्या वाट्याला येत नाही. आपल्या तालुक्यांतल्या आयटीआयमधून निघालेल्या पोरांना परवानगीच्या चौकटीतलं काम मिळालं, तर त्यांचे हात वाया जाणार नाहीत.

तसं काम आहेही. ताडोबात मोहर्ली, कोलारा, नवेगावच्या फाटकांवर उभ्या असलेल्या जिप्सी बघा. 1985 मध्ये आलेली ही गाडी, तिचं उत्पादन थांबूनही काही वर्षं झाली. वरचं छत काढून, मागे चढत्या बाकांची बैठक आणि धरायला नळ्या लावून तिला जंगलाची केली, आणि ती आजवर धावती ठेवली, ती स्थानिक मिस्त्र्यांनी. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या वाहनाला स्वतंत्र स्थान मिळालं. पाय अधू असलेल्या माणसासाठी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताशी आणून देणं, यापेक्षा थोर सुधारणा साध्या मोटारीत कुठली असेल? गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे दवाखाना दूर आहे आणि एसटी दिवसाकाठी मोजकीच, तिथे असं वाहन म्हणजे त्या माणसाचं संपूर्ण स्वातंत्र्य. हे काम शिकलेला एक कारागीर प्रत्येक तालुक्याला हवा.

आमच्या गाडीतला शेवटचा बदल बाबांसाठीचा होता. त्यांचा गुडघा वाकत नाही. पुढच्या सीटवर काथ्याची घट्ट गादी, चढायला एक लाकडी पाट, आणि दाराजवळ पक्की हातधरणी. सीटबेल्टचा पट्टा खांद्यावर बरोबर बसतो ना, हे गादी घातल्यावर पुन्हा तपासलं, कारण बैठक वर गेली की पट्ट्याची वाट बदलते. त्या दिवसापासून बाबा कुणाचा हात न धरता गाडीत बसतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो ताठपणा बघितला तेव्हा मला या सगळ्या खटाटोपाचं सूत्र सापडलं. कुणाची अडचण कमी झाली, हा एकच प्रश्न विचारायचा. उत्तरात नाव सांगता आलं, तर ती सुधारणा करावी.

म्हणून कुणी जुनी गाडी घेऊन सल्ला विचारायला आलं की मी क्रम सांगतो. आधी टायर बघा. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष लिहिलेलं असतं, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी दीड-पावणेदोन मिलिमीटरवर आली असेल तर बाकी सगळा खर्च थांबवा. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. मग ब्रेक, मग दिव्यांची काच, मग रिले, मग फिल्टर. गाणी आणि गाद्या त्यानंतर. आणि यातलं निदान एक काम स्वतःच्या हातानं करा, घरच्या मुलामुलींना सोबत घेऊन. ज्यानं चेंबरखालचे बोल्ट आवळले आहेत त्याला खड्ड्यापाशी वेग आपोआप कमी करावासा वाटतो. ज्यानं हेडलाइट घासून स्वच्छ केला आहे तो समोरच्यासाठी डिपर दाबतो. आमच्या या दोन जिल्ह्यांत रस्ता माणसांचा आहे तसा जनावरांचाही आहे, आणि आपली गाडी आतून ओळखणारी माणसं इथे जितकी वाढतील, तितका तो दोघांसाठी सुरक्षित होईल.